अण्णा, तुमची शेवटची बोली

अण्णा,

तुमच्या उठावण्याला, तिसऱ्या दिवसाच्या शोकसभेला, सगळे चांगलंच बोलले. कारखान्यातल्या टूलरूममध्ये तुमच्या हाताखाली शिकलेले दोघे बोलले, मंडळाचे अध्यक्ष बोलले, धारहून आलेल्या तुमच्या आतेभावांनी तर घराण्याची पाळंमुळं थेट पवारांच्या दरबारापर्यंत नेली. मी मागे भिंतीला टेकून बसलो होतो. शेजारी गोपाळ भिया, नमकीनचं दुकान बंद ठेवून आलेले. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मास्टर, पत्ता की वात तो कोई ने करी ज नी."

मला हसू फुटलं. पुढे बसलेल्या एका बाईंनी वळून बघितलं. मी मान खाली घातली ती मग बराच वेळ वर करता आली नाही.

पत्त्यांची ती गोष्ट कोणी केली नाही म्हणून मी करतो आहे. मराठीत लिहितो आहे, चुका होतील. सरदारपूरच्या हिंदी शाळेत शिकलेल्या मला तुम्ही रोज सकाळी ओट्यावर बसवून मराठी वाचायला लावायचात. मी अडखळलो की म्हणायचात, "थांब. घाई कोणाला आहे? गाडी पकडायची आहे का?" काकू आतून ओरडायच्या, "अहो, पोराला चहा तरी पिऊ द्या!" आणि तुम्ही म्हणायचात, "हा परिच्छेद संपला की पिईल."

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील शिंपी. देवासला मला तुमच्या वरच्या खोलीत सोडताना त्यांनी तुम्हाला हात जोडले होते, "पोराला सांभाळा, साहेब." तुम्ही म्हणालात, "सांभाळणार नाही. कामाला लावीन." वडील घाबरून परत गेले. नंतर कितीतरी वर्षं ते विचारत, "ते साहेब मारत तर नाहीत ना?"

पोकर आपल्याकडे तुमच्या समीरने आणला. पुण्याहून दिवाळीला आला आणि तुम्हाला, मला आणि गोपाळ भियांना समोर बसवून शिकवून गेला. प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेली पानं, मधे सर्वांची मिळून पाच उघडी, त्यातून ज्याचा मेळ मोठा तो जिंकला. तुम्ही आधी नाक मुरडलंत. "तीन पत्ती काय वाईट होती?" पण महिन्याभरात तुम्हीच रविवारी जेवण झालं की चटई घालू लागलात. म्हणायचात की तीन पत्तीत पानं बोलतात, यात माणूस बोलतो, आणि माणूस वाचायला मला आवडतं.

घरात पैसा लावायचा नाही, ही काकूंची अट होती. म्हणून माझ्या वडिलांनी जुन्या बटणांचा डबा पाठवला. शर्टाचं पांढरं बटण हलकं, कोटाचं काळं त्याहून भारी, शेरवानीचं पितळी सगळ्यात भारी. दोन रविवार झाले आणि तुम्ही कंटाळलात. "बटणं हरून कोणाला घाम फुटतो? यात जोर पाहिजे." आणि तुम्ही ती बोलीची रीत काढलीत, जी देवासमध्ये तर सोडाच, जगात दुसऱ्या कोणाच्या घरी नसेल.

शेवटचं पान उघडल्यावर जो आपली सगळी बटणं पुढे सरकवेल, त्याने बोली लावायची. हरलो तर मी काय करीन, आणि जिंकलो तर बाकीच्यांनी काय करायचं. समोरच्याने कॉल केला, म्हणजे बोली स्वीकारून पानं दाखवायला सांगितली, तर पानं उलटायची आणि निकाल लागायचा. समोरच्याने पत्ते टाकले तर बोली लावणारा जिंकला, आणि टाकलेले पत्ते कोणी उलटून बघायचे नाहीत. भ्यायल्याची शिक्षा हरल्याइतकीच. एका दुपारी एकाला एकच बोली.

काय काय झालं त्या बोलीपायी! गोपाळ भियांच्या मिशा गेल्या. मी ऐन उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी आतून घासली. तुम्ही एकदा माझ्याकडून हरलात आणि काकूंना घेऊन मांडूला जावं लागलं. परत आल्यावर महिनाभर म्हणत होतात, "दगड बघायला एवढं लांब! दगड आपल्या टेकडीवर नाहीत का?" काकू मात्र त्या महिन्यात मला रोज काहीतरी गोड पाठवत होत्या.

आणि एका रविवारी तुम्ही म्हणालात, "हरलो तर मी मिशा काढीन. जिंकलो तर दिन्या शिक्षक भरतीच्या परीक्षेला बसेल." गोपाळ भिया म्हणाले, "अन्ना, यो तो पढ़ाई को जुओ हुई ग्यो!" मी आदल्या वर्षी परीक्षेच्या नुसत्या विचारानेच आजारी पडलो होतो. आमच्यापैकी कोणी सरकारी खुर्चीवर बसलेलं नव्हतं. नापास झालो तर वडिलांना काय तोंड दाखवू, असं वाटायचं. माझ्याकडे दोन जोड्या होत्या, कॉल केला. तुमच्याकडे तीन नव्व्या निघाल्या. मी बसलो आणि पास झालो. कन्नौदच्या शाळेत आज मी मास्तर आहे तो त्या तीन नव्व्यांमुळे. हे मी तुम्हाला कधी नीट म्हटलं नाही. एकदा म्हणायला गेलो तर तुम्ही म्हणालात, "आभार नको, पत्ते पीस."

मग गेल्या हिवाळ्यात मूतखड्याची शंका म्हणून सोनोग्राफी केली आणि भलतंच निघालं. पोटातली मोठी रक्तवाहिनी एका जागी फुग्यासारखी फुगलेली. इंदूरच्या डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं की ती फुटली तर दवाखान्यात पोचायला वेळ मिळणार नाही. कधी फुटेल ते सांगता येत नाही, उद्या, किंवा दोन वर्षांनी. ऑपरेशन होऊ शकतं, पण तुमची फुप्फुसं ग्राइंडरची धूळ खाऊन कमजोर झाली आहेत, ती साथ देतीलच असं नाही. निर्णय तुमचा. तुम्ही दवाखान्याच्या जिन्यातच म्हणालात, "नाही करायचं." आणि गाडीत बसल्यावर विचारलंत, "वाटेत शिप्रेला कचोरी खायची का?"

त्यानंतर घरात दुसरा विषयच राहिला नाही. काकू म्हणायच्या, "अहो, असं पोटात घेऊन तुम्ही जेवायला बसता, माझ्या घशाखाली घास उतरत नाही." तुम्ही म्हणायचात, "मग तू आधी जेवून घे." समीर पुण्याहून रोज फोन करायचा, शेवटी सुटी काढून आला. तो शांतपणे समजावायचा, मग आवाज चढायचा, मग तुम्ही उठून गच्चीवर जायचात.

गच्चीवरच तुम्ही मला ते सांगितलंत. तुमचा धाकटा भाऊ वसंता इंदूरला आयसीयूत काचेमागे गेला होता. नळी उपटू नये म्हणून त्याचे दोन्ही हात पलंगाला पट्टीने बांधले होते. तुम्ही काचेतून बघत होतात आणि तो तुमच्याकडे बघत मनगट ओढत होता. "मरायला मी तयार आहे, दिन्या," तुम्ही म्हणालात. "बांधून घ्यायला नाही." मी विचारलं, हे काकूंना का नाही सांगत? "तिला वाटतं मी ऑपरेशनला भितो. वाटू दे. हे कळलं तर तिला रोज वसंताचे हात दिसतील."

त्या दिवसापासून घरात मी एकटा दोन्ही बाजूंचं जाणत होतो.

आणि मग तो रविवार. समीरची परत जायची वेळ जवळ आली होती. चटईवर तुम्ही, समीर, गोपाळ भिया आणि मी. काकू स्वयंपाकघराच्या दारात वाटाणे सोलत बसल्या होत्या. मधे बदामाची राणी आली, किलवरची नव्वी, किलवरची सत्ती, मग चौकटची दुर्री. माझ्या हातात इस्पिकची राणी आणि चौकटचा गुलाम. मधल्या राणीशी मिळून माझी राण्यांची जोडी झाली होती. तुम्ही प्रत्येक पानाला बटणं वाढवत होतात. समीरने पत्ते टाकले. गोपाळ भिया म्हणाले, "हूँ तो चल्यो," आणि पत्ते टाकून दाण्यांच्या वाटीकडे वळले. शेवटचं पान उघडलं, इस्पिकचा राजा.

तुम्ही सगळी बटणं दोन्ही हातांनी पुढे सरकवलीत.

"बोली," तुम्ही म्हणालात. "हरलो तर याच आठवड्यात इंदूरला जातो आणि ऑपरेशन करून घेतो. जिंकलो तर या घरात तो शब्द परत कोणी काढायचा नाही. मी आहे तोपर्यंत."

गोपाळ भियांच्या तोंडातले दाणे तोंडातच राहिले. "अन्ना, यो कईं करी रिया हो? या बात पत्ता पे नी होय."

"का नाही होय?" तुम्ही म्हणालात. "दिन्याचा जन्म पत्त्यांवर मार्गी लागला. मिशा गेल्या तुमच्या. आता माझी पाळी."

समीर म्हणाला, "बाबा, मी हे मानणार नाही."

"तू पत्ते टाकलेस. आता मधे बोलू नको. दिन्याला ठरवू दे."

वाटाणे सोलायचा आवाज थांबला होता. मी वर बघितलं नाही, तरी काकू माझ्याकडे बघताहेत हे कळत होतं.

इतकी वर्षं तुमच्यासमोर बसून मी तुमची एक खूण शिकलो होतो. पानं खरोखर चांगली असली की तुम्ही समोरच्याला टोमणे मारायचात, "जा रे, घरी जाऊन अभ्यास कर." हातात काही नसलं की एकदम आदराने बोलायचात, "घ्या, निवांत विचार करा." त्या दिवशी यातलं काहीच नव्हतं. तुम्ही गप्प होतात आणि मधल्या पानांकडे बघत होतात. राजा तुमच्याकडे असला तर माझ्या राण्या गेल्या. तसं असण्याची शक्यता मला जास्त वाटत होती.

पत्ते टाकले असते तरी कोणाला कळलं नसतं. टाकलेले पत्ते बघायचे नाहीत हा तुमचाच नियम. मी म्हणालो असतो, "माझ्याकडे काही नाही," आणि काकूंनी ते मानलं असतं, समीरनेही. तुम्ही घरी राहिला असतात. कोणी तुमचे हात बांधले नसते. तुम्हाला सोडवायला मी एकटाच उरलो होतो आणि तुम्ही ते माझ्या हातात दिलं होतंत.

"कॉल," मी म्हणालो.

तुम्ही पानं उलटलीत. किलवरची दश्शी आणि अठ्ठी. सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी, सगळं लागत आलं होतं. एक गुलाम किंवा छक्की आली असती, किंवा किलवरचं कुठलंही पान, तर डाव तुमचा होता. आलं ते राजाचं पान, आणि तुमच्या हातात काहीच राहिलं नाही.

"गुलाम पाहिजे होता रे," तुम्ही म्हणालात.

मी माझी पानं उलटली. राणीशेजारी चौकटचा गुलाम. तुम्ही त्याच्याकडे बघितलंत आणि मोठ्याने हसलात. "चोर! माझ्या पानावर बसून होतास!" दुसरं कोणी हसलं नाही. काकू उठून आत गेल्या, आणि पलंगाखालून बॅग ओढल्याचा आवाज आला.

यावर आम्ही तिघं अजून भांडतो, अण्णा. गोपाळ भिया म्हणतात, तुम्हाला जायचंच होतं, हो म्हणायला तोंड उघडत नव्हतं, म्हणून रिकाम्या हाताने बोली लावलीत. समीर म्हणतो, नाही, त्यांना खात्री होती की दिनेश पत्ते टाकेल. मी समीरला सांगितलेलं नाही की ती खात्री कशामुळे असू शकते. वसंताकाकांचे हात तुम्ही फक्त मला दाखवले होतेत. कोणी दुसरा तुमच्यासमोर असता तर तुम्ही ती बोली लावली असतीत का?

इंदूरला जाताना गाडी मी चालवत होतो. काकू आणि समीर मागे. शिप्रेचा पूल गेल्यावर तुम्ही हळूच विचारलंत, "एका जोडीवर कॉल का केलास रे? राजा मधे पडलेला."

मी म्हणालो, "सांगू का?"

"आता नको. घरी आल्यावर सांग. खरं सांगायला तुला जरा वेळ लागतो."

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की शीर दुरुस्त झाली, आणि काकूंनी मला जवळ ओढून माझं डोकं दोन्ही हातांत धरलं. दुसऱ्या दिवशी फुप्फुसांनी काम सोडलं. तुम्ही काचेमागे गेलात.

त्यांनी हात बांधलेच होते. मी नर्सला म्हणालो, पट्टी सोडा, त्यांना ते नको होतं. ती चांगली मुलगी होती. म्हणाली, "सर, छोड़ेंगे तो ट्यूब खींच लेंगे. एक बार खींच चुके हैं." मी म्हणालो, मी धरून बसतो. भेटायच्या वेळेपुरती तिने एका हाताची पट्टी सोडली. मी तुमचा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. लेथवर काम केलेला हात, आजारपणातही जड होता. तुमचे डोळे अर्धे उघडे होते. तुम्ही हात ओढलात. मी सोडला नाही. तुम्ही परत ओढलात आणि मी अजून घट्ट धरला. भेटायची वेळ संपेपर्यंत पट्टीचं काम मी करत होतो, अण्णा.

तुम्हाला घरी आणलं ते तुम्ही सांगितलं होतं तसं नाही.

मी सारखा एकाच गोष्टीत अडकतो. डाव संपल्यावर कोणी गड्डीतलं पुढचं पान बघायला गेलं तर तुम्ही त्याच्या हातावर चापट मारायचात. "जे आलं नाही ते बघायचं नाही." मी बघायला जातो. तुम्ही इंदूरला गेला नसतात तर ती शीर कदाचित त्याच रात्री फुटली असती. किंवा तुम्ही या आंब्यांपर्यंत असतात, पुढच्या दिवाळीपर्यंत, त्याच्याही पुढच्या. मला ते पान कोणीच दाखवू शकत नाही आणि बघितल्याशिवाय झोप लागत नाही.

तेराव्यानंतर काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. कन्नौदला परत जायला मी बॅग उचलली होती. त्या म्हणाल्या, "तू त्या दिवशी पत्ते टाकले असतेस आणि हे घरात गेले असते, तर मी तुला उंबरा ओलांडू दिला नसता." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि आता तू समोर बसलास की मला ती दुपार दिसते. तुझं तोंड बघवत नाही. दोन्ही खरं आहे, दिनू. तरी येत जा. माझ्या हातून पोळ्या जास्तीच्या होतात."

मी जातो रविवारी. जेवतो. चटई कोणी घालत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. वेळ लागला, पण तुम्हीच म्हणाला होतात की लागतो.

तुमच्याकडे राजा नाही हे मला कळलं नव्हतं. तुमच्या चेहऱ्यावर मला काही वाचता आलं नाही. काकूंचं, समीरचं, तुमचं, वसंताकाकांचं, मी काहीच तोललं नाही. तेवढी अक्कल त्या वेळी जागेवर नव्हती. मला फक्त पुढचा रविवार दिसला. तुम्ही समोर बसलेले, मी पत्ते पिसतो आहे, माझं लक्ष सारखं तुमच्या पोटाकडे, आणि तो शब्द काढायचा नाही. मग त्याच्या पुढचा रविवार. एखाद्या रविवारी मी कन्नौदहून येतो आणि दारात चपला फार असतात. ते मला जमणार नव्हतं. तुम्ही मरायला तयार होतात, मी तुम्हाला मरू द्यायला तयार नव्हतो. राण्यांच्या जागी माझ्याकडे दुर्री-तिर्री असती तरी मी कॉलच केला असता.

तुम्ही ऐकून घेतलं असतंत, चष्मा काढून पुसला असतात आणि म्हणाला असतात, "दिन्या, हे कारण नाही झालं. हा हट्ट झाला."

हो अण्णा, हट्टच. तुमच्या जिवावर केलेला.